पाण्याखालच्या गजाली

तापलेल्या समुद्रासाठी काहीतरी करावं म्हणून कुमुद बोकारे नागपूरहून मालवणला स्वयंसेवक म्हणून आली. कचरा काढायचं काम असेल, असं तिला वाटलं होतं. होडीत चढताच होडी चालवणाऱ्या फ्लोरीनकाकींनी तिच्या हातात माइक दिला.

"बोल गो."

"काय बोलू?"

"कायव बोल. कालची भाजी खारट झाली आसली तर ती सांग."

होडीतल्या बायका हसल्या. खाली मेलेल्या पोवळ्यांचा खडक होता. जिवंत खडकाचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकून मासे परततील, म्हणून शास्त्रज्ञांनी तिथे स्पीकर सोडले होते. वर्षभर कुणी फिरकलं नाही. मग एकदा या बायका स्पीकरला जोडलेला माइक बंद करायला विसरल्या आणि त्यांच्या दिवसभराच्या गजाली, म्हणजे गप्पाटप्पा, थेट समुद्रात गेल्या. दुसऱ्या सकाळी खडकावर माशांच्या पिल्लांची झुंबड उडाली होती. असं का झालं, हे शास्त्रज्ञांना अजून उमगलेलं नाही.

निवृत्तीनंतर कुमुदचं बोलणं दूधवाल्यापुरतं उरलं होतं. तिने चाचरत जावयासमोर फसलेल्या पाटवडीची गोष्ट काढली. बायका खो खो हसल्या, मग तीही हसली.

काकींनी तिच्या कानांवर हेडफोन चढवला. खालून तडतड येत होती, तापल्या तेलात मोहरी उडावी तशी. हजारो जीव जागे होते. कुमुद थक्क होऊन गप्प झाली, आणि तडतडही थांबली.

तिने हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला.

"थांबलंस कित्याक?" काकी हळूच म्हणाल्या. "जावय काय म्हणालो तां सांग. खाली वाट बघतत."