दहा फुटी पक्षी

दहा फुटी पक्ष्याच्या सांगाड्याशेजारी उभं राहून, तो नामशेष कसा झाला हे संग्रहालयातले गाइडकाका सव्वीस वर्षं सांगत होते. तेच तेच सांगून जीव विटला होता. म्हणून येणाऱ्यांना हेडफोनवर ऐकवायची माहिती काकांच्या आवाजात घ्यायला रेकॉर्डिंगवाले आले तेव्हा काकांना बरंच वाटलं. त्यांना स्वतःची खुर्ची दिली आणि त्यांच्या मनासारखं होईपर्यंत सगळं तीनदा सांगितलं.

महिन्याभरात घरी बसायचं पत्र हातात पडलं. कपाटाची किल्ली परत द्यायला गेले, तर तिकीट खिडकीतल्या बाईंनी हेडफोन पुढे केला. "ऐका तरी काका, किती छान आलाय तुमचा आवाज."

काकांनी तो कानाला लावला.



"माणसं पहिल्यांदा आली, तेव्हा हा पळालासुद्धा नाही. बिचाऱ्याने त्यांना जवळ येऊ दिलं."