दिवेलागणीच्या आधी

“मी कपाटाच्या दारावर आपटले नाही. यांनी मारलं. या घरातल्या एका माणसानं एवढं खरं म्हणावं, मी बॅग उघडून कपडे परत लावते.”

वैजयंती एवढंच बोलली आणि भरलेल्या बॅगेशेजारी सतरंजीवर बसली. डाव्या डोळ्याखालचा डाग आता पिवळा पडत चालला होता.

तिचा नवरा अजिंक्य मोबाईलमध्ये बघत होता. पडदा कधीचा विझला होता, तरी त्याचा अंगठा त्यावर फिरतच होता.

नणंद राजश्री सकाळच्या एस.टी.नं माळशिरसहून आली होती, ती बोलायच्या तयारीनंच. “आमचा आजू? अगं, झुरळ दिसलं तरी हा पलंगावर चढायचा! तो हात उचलेल? तुझ्या तोंडाला काही हाड?” आवाज असा, की शेजारच्या घरातला मिक्सर बंद झाला.

“तेच म्हंतो मी,” धोंडिराममामा म्हणाले. अजिंक्यचे मामा ते; कुठल्याही घरी भांडण असलं की त्यांना बोलावणं जायचं. “झुरळाला न्हाय मारलं, त्यो बायकूला कशाला मारंल? च्या टाका की कुणीतरी. उपाशीपोटी भांडण लई फुगतं.” ते हसले. कुणी हसलं नाही, म्हणून पुन्हा एकदा हसले.

तेवढ्यात अंगणात नळ खुळखुळला. सासरे कुंडलिकराव असे उठले, जणू देवानंच हाक मारली. “पाचव्या दिवशी आलंय पाणी, पाचव्या! आदी भरून घेतो. बोलणं काय, कवाबी हुतंय.”

“बाबा, बसा ना थोडं.”

“बसतो की. एवढं बॅरल हू दे.” विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, पाइप खांद्यावर टाकून ते बाहेर गेले.

मग वैजयंती देवघराकडे वळली. “आई, गुरुवारी तुम्ही तिथंच होता.”

सासूबाईंच्या, शालनच्या, हातात जपमाळ होती. पहाटे सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन आल्यापासून तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता. श्रावणातले सोमवार ती आजवर नुसत्या उपासावर करत आली होती. यंदा दिवेलागणीपर्यंतचं मौनही धरलं होतं. पोराचं आणि सुनेचं सुरळीत चालावं, एवढंच मागणं होतं.

“आईला कशाला ओढतेस यात?” राजश्री कडाडली. “सोमवार आहे आज. मौन आहे तिचं.”

“बोलू नका, आई. नुसती मान हलवा. त्यानं काही मौन मोडत नाही.”

शालनची बोटं थांबली. गुरुवारी ती तव्यापाशी उभी होती. आवाज फार मोठा झाला नव्हता. परातीत भाकरी थापताना होतो, तेवढाच. तिनं वळून बघितलं होतं. सुनेचा गालावर गेलेला हात बघितला होता, पोराचा अजून हवेत असलेला हातही. आणि मग तिनं तव्यावरची भाकरी उलटली होती, करपू नये म्हणून.

आता फक्त हनुवटी खाली आणायची होती. बोटभर.

अजिंक्यनं सकाळपासून पहिल्यांदाच मोबाईलवरून नजर उचलली. आईकडे बघितलं. लहानपणी काही फोडून आला की बघायचा, तसंच.

शालननं डोळे मिटले आणि पुढचा मणी ओढला.

“बघितलंस?” राजश्री म्हणाली.

“मिटलं की मग!” मामांनी मांडीवर थाप मारली. “पोरी, ऊठ. तुज्या हातचा च्या पाज आमाला.”

वैजयंती उठली. बॅग खांद्याला लावली. अशाही वेळी ती देवघरापाशी आली, वाकली, सासूच्या पायांना हात लावला आणि वाकल्या वाकल्याच, कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाली, “आई, तुमचं मौन रोजचंच होतं हो. आज नुसता सोमवार आहे.”

आवाजात राग नव्हता. तो असता, तर शालनला बरं वाटलं असतं.

अंगणात सगळीकडे पाणी झालं होतं. सून बॅग घेऊन येताना दिसली, तसे कुंडलिकराव लगबगीनं पुढे झाले आणि तिच्या वाटेतला पाइप त्यांनी उचलून धरला. “जपून हं, पोरी. शेवाळ हाय हितं. घसरशील.”

ती पाइपाखालून वाकून गेली. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सुरू झाली, वळली. मग नळाचाच आवाज तेवढा उरला.

राजश्री चहाचं आधण ठेवायला निघाली होती.

“मारलं त्यानं.”

दिवसभर न वापरलेला आवाज घोगरा, तुटका आला. आधी कुणाला कळलंच नाही, कोण बोललं ते.

“मारलं. मी बघितलं,” शालन म्हणाली. माळ तिच्या मांडीवरून घसरून खाली पडली होती, आणि ती दाराकडे बघत होती. “वैजयंती, मी बघितलं गं.”

अजिंक्यनं मान खाली घातली.

आवाज ऐकून कुंडलिकराव ओल्या पायांनी उंबऱ्यात आले. त्यांनी बायकोकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. आणि अगदी पोटातनं कळवळून म्हणाले,

“अगं, काय केलंस हे? दिवं लागायला अजून दीड तास हाय की. सगळं व्रत मोडलंस!”