यापुढचा पूल

पुलाच्या तोंडाशीच टायर फुटलं. रॉइसनं कचकचीत शिवी हासडली आणि लगेच जीभ चावली, कारण शेजारी लेक बसली होती. डॉक्टरांचा फोन आता येईल, आणि गाडी अजून केंटकीतच!

"स्टेपनी लावतो पटकन," तो म्हणाला.

"डॅडी, तू टायर बदलेपर्यंत मला दाढी फुटेल," कोरा म्हणाली. "पळ!"

थट्टाच होती, पण रॉइस स्टेपनीचा नाद सोडून गाडीतून उतरला. कोरा तेरा वर्षांची. जन्मली तेव्हा मुलगा म्हणून त्याच्या हातात दिलेली, पण बोलायला लागल्यापासून 'मी मुलगीच' म्हणून हटून बसलेली. तीन-तीन महिन्यांनी इंजेक्शन घेतलं की दाढीमिशा आणि घोगरा आवाज लांबणीवर पडायचा. केंटकीच्या सरकारनं अशा पोरांना ते द्यायलाच बंदी घातली. नदीपलीकडे, शेजारच्या ओहायो राज्यात, अजून मिळत होतं. डॉक्टर व्हिडिओवर तपासायच्या, मग पलीकडचीच नर्स सुई द्यायची. अट एकच, फोन घेताना पेशंट ओहायोच्या जमिनीवर हवा. आणि नदी तर सगळी केंटकीची! पुलाच्या मध्यावर थांबून भागत नाही, पार पलीकडे पाय टेकावा लागतो.

दोघं पळत सुटले. बाजूनं ट्रक धडधडत होते. रॉइसचं पोट पुढे आणि दम मागे.

"चल रे म्हाताऱ्या!" कोरा त्याला ओढत होती.

फोन वाजला तेव्हा ओहायोची पाटी जरा लांबच होती. रॉइसनं तो वाजू दिला. पाटी ओलांडली आणि मगच उचलला.

"पोचलो, डॉक्टर! ओहायोत आहोत. ही बघा पाटी!"

डॉक्टर पेटिग्रूंनी पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"रॉइस, आज सकाळी कोर्टानं ओहायोच्या बंदीवरची स्थगिती उठवली. आता आमच्याकडेही बंदी."

"अहो, पण ही तुमची जुनी पेशंट आहे!"

"जुन्यांना सूट आहे, पण फक्त ओहायोत राहणाऱ्यांना. माझ्या हातात काही नाही हो. माफ करा."

गयावया करावी की फोन नदीत भिरकावावा, रॉइसला कळेना. गयावया तरी कुणापुढे करणार? त्या बाईच्या हातात काय होतं, डोंबल! त्याला नुसतं रडू येत होतं.

कोरा पाटीच्या खांबाला टेकून धापा टाकत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पोर रडली नाही. बाहीनं घाम पुसला आणि म्हणाली, "डॅडी, यापुढचा पूल किती लांब आहे?"

तीस वर्षं ट्रक हाकून अर्धी अमेरिका पालथी घातलेल्या रॉइसला रस्ता सांगता येईना.