इंजिनाची खंडेनवमी

"इंजिन म्हंजे साक्षात देव हाय! धुळीचा एक कण जरी आत गेला, तर कोप झालाच म्हणून समजा," असं चौसाळ्याचे माजी सरपंच आप्पा यांनी गावभर जाहीर केलं आणि वडिलांची जुनी जीप अंगणात खोलली. दसऱ्याला सीमोल्लंघनाला तिच्यातूनच जायचं होतं, कारण नवा सरपंच अमरसिंह कोरी गाडी घेऊन येणार होता.

आठवडाभर आप्पांनी पिस्टन आणि व्हॉल्व्ह डिझेलमध्ये भिजवून दातांच्या ब्रशनं काजळी काढली. स्वतःचे दात त्यांनी इतक्या मनापासून कधी घासले नव्हते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी इंजिनाच्या जड ब्लॉकसकट सगळे भाग धुतलेल्या धोतरावर मांडले, घरादाराला शिंकायची बंदी केली आणि आंघोळीला गेले. जोडायला बजरंग मिस्त्री निघालाच होता.

आप्पा परत आले, तर प्रत्येक पिस्टनवर हळद, कुंकू, तांदूळ आणि वर झेंडूचं फूल. व्हॉल्व्हवर उदबत्तीची राख निवांत पडत होती.

"अगं, हे कावून केलं?" आप्पा ओरडले.

"कावून म्हंजे? आज खंडेनवमी हाय," आप्पांच्या पत्नी छबुबाई पदर सावरत म्हणाल्या. "आन् देव हाय म्हणून तुमीच तर गावभर सांगत फिरलाव."

आप्पा मटकन खाली बसले.



"बसलाच हाव, तर तेवढा तो भोकाभोकाचा लोखंडी ठोकळा इकडं सरकवा. नारळ फोडायचाय."