अंगठा लावा, आई

कारखान्यातल्या अपघाताची खरी हकीकत ज्या मजुरांनी सांगितली, त्यांची नावं पत्रकार अमोलच्या फोनमध्ये होती. अमोल कोठडीत होता आणि फोन त्याच्या दहाही बोटांना दाद देत नव्हता. म्हणून इन्स्पेक्टर साहेब इतवारी भागातल्या त्याच्या घरी आले. त्याची आई शेवंताबाई दारातच मिरच्यांचे देठ खुडत बसली होती.

साहेब फारच गोड बोलत होते. पोलीस ‘आई’ म्हणाला, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

“पोरानं तुमचंच बोट फोनला लावून ठेवलंय, आई, मला ठाऊक आहे. रेशनच्या दुकानात लावता तसा अंगठा लावा इथं. संध्याकाळी पोरगा घरी.”

“लावतो न साहेब, काहून नाही?”

तिनं पदराला हात पुसून एक अंगठा टेकवला, मग दुसरा. फोन ढिम्म. साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं, अंगठे धुवायला लावले, पुन्हा टेकवून घेतले. शेवटी फोन बोट घेईचना, नुसते आकडे मागत बसला. साहेब चहा न पिताच निघून गेले.

अमोल संध्याकाळी आला नाही.

दुसऱ्या दिवशी रेशनच्या दुकानात नवा माणूस होता. त्यानं मशीन पुढं सरकवलं. “मावशी, अंगठा लावा.”


“अंगठ्याच्या रेघा त मिरच्यांनी कव्हाच्याच खाल्ल्या, भाऊ,” शेवंताबाई म्हणाली. “माहं सारं करंगळीनंच उघडते.”