पिठातल्या रेघा

दर थंडीत लालासाहेब बागेतल्या तळ्यातली तरंगती झाडं उचलून घरातल्या टबात ठेवायचे. बाहेर कोयनानगरच्या गारठ्यात ती तग धरत नसत. यंदा टब भरता भरताच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात सुनेचं, संयोगिताचं, बोट घट्ट धरून ते म्हणाले, "पोरी, त्यास्नी आत घे. भायेर गारठत्यात."

"व्हय मामा," ती म्हणाली. ते गेले, आणि आल्यागेल्याचं बघता बघता ती विसरूनच गेली.

दहाव्याच्या सकाळी लालासाहेबांच्या बहिणीनं, शालूबाईंनी, दिव्याजवळ पसरलेल्या पिठावरची टोपली उचलली. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला, त्याचा ठसा पिठात उमटतो म्हणतात. तिथं ना पाऊल होतं, ना पंजा. केसांसारख्या बारीक, ओल्या रेघाच रेघा होत्या.

"साप म्हणावा, तर लय बारीक हायती," शालूबाई पुटपुटल्या.

त्या ओल्या रेघा बघून संयोगिताला मात्र मामांचं बोलणं आठवलं, आणि ती तळ्याकडे धावली. सगळी झाडं काळी पडून सडली होती. रडवेली होऊन ती परत आली, तेव्हा पिठातल्या रेघा फरशीवरून थेट टबापर्यंत गेलेल्या तिला दिसल्या. टबात एकच झाड तरंगत होतं, हिरवंगार.

"आत्याबाई, हे कुणी आणलं?"

"कुणीबी न्हाई गं. कालपतुर टबात नुसतं पाणीच हुतं."

तिनं भीत भीत पाण्यात बोट बुडवलं. झाडाच्या मुळांनी ते धरलं, दवाखान्यात धरलं होतं तसंच घट्ट.