चार दिवसांचा पत्रा

घाटाच्या पहिल्याच चढाला अँब्युलन्सनं आचका दिला आणि गॅरेजवाल्या बाबल मेस्त्रीनं इंजिनाच्या आवाजाकडे कान लावला. कळांनी तळमळणाऱ्या बायकोचा हात त्याच्या मुठीत होता.

धूर इंजिनात परत नेणारा या गाडीचा व्हॉल्व्ह दिवाळीत अडकला, तेव्हा त्यानंच ऑइलच्या डब्याचा पत्रा कापून ती वाट बुजवली होती. "चार दिवस निघतील. मग पत्रा जळेल, गाडी चढणार नाही," असं बजावलंही होतं.

"सुर्वे, नवा व्हॉल्व्ह टाकला ना?"

"कशाला? शिमगा आला, अजून कुरकुर नाही," ड्रायव्हर म्हणाला. "तुमच्या हाताला गुण आहे, मेस्त्री. वहिनी वेळेत पोचणारच."

मागच्या काचेबाहेर काळा धूर दाटू लागला. बायकोला दिसू नये म्हणून बाबल काचेसमोर सरकून बसला.